साखर आटोक्यात, तरी तहान का?

साखर आटोक्यात असूनही वरचेवर तहान, लघवी, बद्धकोष्ठ असेल, तर रक्तातील कॅल्शियम तपासून घ्यावे. १०० मिलिलिटर रक्तात ते साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असते. वाढले की मूत्रपिंडे पाणी धरून ठेवत नाहीत, अन् आपण म्हणतो, ‘शुगर वाढली वाटते!’

रोहण्यासारख्या दूधदुभत्याच्या गावात लगेच प्रश्न येतो, ‘मग दूध सोडू काय?’ मनाने सोडू नये. दूध, तीळ, नाचणीने एवढे कॅल्शियम सहसा चढत नाही. बहुधा दोष मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा असतो, कधी कर्करोगाचा. ग्रंथींचा दोष असताना दूध तोडले तर हाडे आणखी झिजतात. नाचणीची भाकर मोजून खावी, पण ती साखरेसाठी.

खरी नजर ठेवावी औषधांवर. ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्याला एक असते. काहीजण ती रोज घेतात. वर कॅल्शियमच्या गोळ्या, अन् सांधेदुखीवर म्हणून गव्हाएवढा चुना! खर्ऱ्यातला चुना तर कोणी धरतच नाही. (खर्रा तसाही सोडायचाच.) रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही कॅल्शियम वाढते, त्या मात्र परस्पर बंद करू नयेत. डॉक्टरांकडे जाताना हे सारे पिशवीत घालून न्यावे, चुन्याची डबीसुद्धा.