ओली सुतळी, काटेरी तार आणि आपलं इंटरनेट

२०१७ च्या डिसेंबरात ब्रिटनमधल्या ‘अँड्र्यूज अँड आर्नोल्ड’ या इंटरनेट कंपनीत एक प्रयोग झाला. टेलिफोनच्या तारेऐवजी मिठाच्या पाण्यात भिजवलेली सुमारे दोन मीटर सुतळी लावली आणि तिच्यावरून ब्रॉडबँड चालवून पाहिलं. ते चाललं! वेग मिळाला सेकंदाला साडेतीन मेगाबिट. बीबीसीने भौतिकशास्त्रज्ञ जिम अल-खलिली यांना विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की इथे सुतळीतून किती वीज वाहते हा प्रश्नच गौण आहे; सुतळी फक्त विद्युतचुंबकीय लहरींना वाट दाखवते.

श्रेय मात्र सुतळीपेक्षा मॉडेमचं जास्त. एडीएसएल तंत्र मुळात बोलण्यासाठी टाकलेल्या, जागोजागी जोड असलेल्या जुन्या टेलिफोन तारांसाठीच घडवलेलं. मॉडेम तारेवरच्या लहरींचे २५६ अरुंद पट्टे पाडतो आणि जोडणी होताना त्यांतला कोणता पट्टा किती स्वच्छ आहे ते तपासून घेतो. चांगल्या पट्ट्यावर जास्त माहिती, गोंगाटाच्या पट्ट्यावर थोडी, निकामी पट्टा सोडून द्यायचा. तार वाईटच असणार हे गृहीत धरून केलेली ही रचना मला अभियांत्रिकीतली फार मोठी कामगिरी वाटते.

त्याआधी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ब्रॉडकॉम कंपनीने एका प्रदर्शनात चक्क काटेरी तारेवरून १०० मेगाबिटचं इथरनेट चालवून दाखवलं होतं. ऐकायला चमत्कार वाटतो, पण कारण साधं आहे. दोन तारा एकमेकींपासून सारख्या अंतरावर धावत असल्या की लहरींसाठी एक मार्ग तयार होतो. त्या मार्गाचा गुण ठरतो तो तारांची जाडी, त्यांच्यातलं अंतर आणि मधलं आवरण यांवरून. लहरीच्या लांबीपुढे तारेवरचे काटे इतके लहान असतात की लहरीला त्यांचा फारसा अडथळा होत नाही. तारेची लांबी कमी असेल तर लोखंडही चालून जातं.

मग महागडी केबल कशाला? कारण वेग वाढला की चुकीला जागा उरत नाही. गिगाबिट इथरनेटमध्ये केबलमधल्या चारही जोड्यांपैकी प्रत्येकीवरून सेकंदाला साडेबारा कोटी स्पंदनं जातात, तीही एकाच वेळी दोन्ही दिशांनी. एका स्पंदनाच्या वाट्याला येतात जेमतेम ८ नॅनोसेकंद. तेवढ्यात ते दीडेक मीटर पुढे जातं. म्हणजे पन्नास मीटरच्या केबलमध्ये प्रत्येक दिशेने तीसेक स्पंदनं एकामागोमाग धावत असतात. वाटेत कुठे तार दबली, वाईट जोड लागला, तर तिथून प्रतिध्वनी उलटतो आणि मागून येणाऱ्या स्पंदनात मिसळतो.

शिवाय बाहेरचा गोंगाट असतोच. त्यावरचा मूळ उपाय आहे पीळ. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी तारांच्या पिळलेल्या जोडीचं पेटंट १८८१ मध्येच घेतलं होतं. जोडीतल्या दोन तारांवर एकमेकींच्या उलट संकेत जातो. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो. घेणारा दोघींमधला फरक तेवढा मोजतो, त्यामुळे गोंगाट वजा होतो. लॅन केबल सोलून पाहा, चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा दिसेल. शेजारच्या जोडीचं बोलणं कानावर येऊ नये म्हणून तो मुद्दाम तसा ठेवतात.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो इथे. आरजे-४५ जॅकमध्ये तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी होते. हे ठाऊक नसलेला माणूस चारही जोड्या रंगाप्रमाणे शेजारी शेजारी घालतो आणि दुसऱ्या टोकालाही तेच करतो. स्वस्त टेस्टर लावला तर आठही दिवे ओळीने लागतात, कारण प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असते. पण आता ज्या दोन तारांवर एक संकेत जातो, त्या एकमेकींभोवती पिळलेल्याच नसतात. मंद वेगाला, छोट्या अंतरात ते खपतं. वेग वाढवला की जोडणी तुटते नाहीतर रांगते. घरात गिगाबिटचं सगळं सामान असूनही संगणक जोडणीचा वेग १०० मेगाबिटच दाखवत असेल, तर राउटर बदलण्याआधी दोन्ही टोकांचे जॅक पाहावेत.

दुसरी गोष्ट बाजारातल्या स्वस्त केबलची. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. विकणारा सांगतो की उच्च वारंवारितेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच वाहतो, मग आतल्या धातूशी काय घेणं? यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पण त्याच केबलमधून सीसीटीव्ही कॅमेऱ्याला वीजही द्यायची असेल, तर ती पूर्ण तारेतून वाहते. तिथे ॲल्युमिनियमचा रोध जास्त असल्याने विजेचा दाब घटतो, केबल तापते. शिवाय ही तार लवकर तुटते. डेटा केबलच्या मानकांत ती बसत नाही, आणि माझ्या मते ती घरात आणूच नये.

गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या केबलची तऱ्हा आणखी वेगळी. घरातल्या वापरासाठीचं आवरण उन्हाने तडकतं, पावसाचं पाणी आत शिरतं आणि तारांमधला मार्गच बदलून जातो. त्यात तांब्याची तार दोन इमारतींच्या विजेच्या यंत्रणा एकमेकींना जोडते. जवळपास वीज कोसळली तर तिचा धक्का त्या तारेवाटे दोन्हीकडच्या उपकरणांपर्यंत पोचू शकतो.

म्हणून ज्याच्याकडून काम करून घ्याल त्याला चार गोष्टी ठामपणे सांगा. केबल शुद्ध तांब्याची हवी, तिची लांबी शंभर मीटरच्या आत हवी. जॅकपाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. विजेच्या वायरिंगच्या पाइपातून ती न्यायची नाही. आणि एका इमारतीतून दुसरीत जायचं असेल तर तांबं नकोच, ऑप्टिकल फायबर टाका.