‘फोटो काढू नका, सरकारी जागा आहे!’

फलाटावर कुणी इंजिनाचा फोटो घ्यायला मोबाइल वर केला, की शेजारून हमखास आवाज येतो, ‘अहो, आत टाकतील, स्टेशन सरकारी आहे.’ त्याला ‘ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट’ची जोड दिली की समोरचा गपगार. गाड्यांचं वेड असलेल्या शाळकरी मुलांनी जिवापाड जपलेले फोटो अशा धाकानं पुसून टाकलेले मी पाहिले आहेत. इतक्या ठामपणे बोलणाऱ्यांपैकी एकानंही तो कायदा उघडून पाहिलेला नसतो, याची मला खरोखर चीड येते.

तर उघडून पाहू. 1923 च्या या कायद्यात ‘निषिद्ध ठिकाण’ कशाला म्हणायचं ते कलम 2(8) मध्ये दिलं आहे. त्यात रेल्वेचा उल्लेख आहे, पण केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचना काढून जी निषिद्ध म्हणून जाहीर केली असेल, तेवढीच. सरकारी जागा म्हणजे आपोआप निषिद्ध, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. वर्ध्यातल्या पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून एकावर याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो रद्द केला, कारण पोलीस ठाणं त्या व्याख्येत नाही. व्याख्येबाहेर हा कायदा ताणता येत नाही, एवढं त्यातून स्पष्ट होतं.

राहिला 1989 चा रेल्वे कायदा. रुळांवर घुसण्यापासून टपावर बसण्यापर्यंतचे गुन्हे त्यात आहेत, पण नुसता फोटो काढणं हा गुन्हा ठरवणारं कलम नाही. रेल्वेनंच 2023 मध्ये अनेक स्टेशनांवर सेल्फी पॉइंट उभारले. दरवर्षी 1 जूनला पुणे स्टेशनवर डेक्कन क्वीनचा वाढदिवस होतो, केक कापला जातो आणि सगळे फोटो काढतात. कुणालाही अटक होत नाही.

यावर उत्तर येतं, ‘26/11 नंतर सगळं बदललं.’ त्याच रात्री छायापत्रकार सेबॅस्टियन डिसोझा यांनी सीएसटीमध्ये टिपलेले अजमल कसाबचे फोटो पुढं खटल्यात पुरावा म्हणून उभे राहिले. स्टेशनातला कॅमेरा हा सुरक्षेचा शत्रू, असं म्हणणाऱ्यांनी हे आठवावं. न्यूयॉर्कच्या सबवेतही 2004 मध्ये फोटोबंदीचा प्रस्ताव आला आणि पुढच्याच वर्षी मागे घेतला गेला. तिथं फोटो चालतो, ट्रायपॉड आणि दिवे चालत नाहीत.

आता दुसरी बाजू, आणि तीही तितकीच महत्त्वाची. गुन्हा नाही म्हणजे फलाट आपल्या मालकीचा झाला असं नव्हे. ‘फोटो काढण्यास मनाई’ असा फलक असेल तर तो पाळावा. अधिकाऱ्यानं निघून जायला सांगितल्यावर हटून बसलात, तर रेल्वे कायद्याचं कलम 147 लागू शकतं. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात. म्हणून मोबाइल खिशात ठेवायचा, कोणता नियम ते नम्रपणे विचारायचं, आणि तक्रार असेल तर स्टेशन मास्तरांकडे किंवा 139 वर करायची. रणगाडे वाहणारी लष्करी मालगाडी दिसली तर कॅमेरा काढूच नये.

‘पोलीस फोटो डिलीट करायला लावू शकतात’ हा याच समजाचा धाकटा भाऊ. फोटो गुन्ह्याचा असेल तर तो पुरावा आहे, मग पुसायचा कसा? नसेल तर पुसायचा कशाला? मोबाइल जप्त करायचा तर रीतसर करावा लागतो, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं.

‘माझं साधं यूट्यूब चॅनेल आहे, मला कशाला परवानगी?’ कमाईसाठी शूटिंग असेल, युनिट आणि दिवे असतील, तर त्या विभागीय रेल्वेच्या जनसंपर्क कार्यालयाची परवानगी लागते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवट आपटा स्टेशनवर चित्रित झाला, तो काही कुणी हळूच येऊन उरकलेला नाही.

‘सार्वजनिक जागेत कुणालाही टिपता येतं.’ नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ई व्यक्तीच्या खाजगी अवयवांचं संमतीशिवाय केलेलं चित्रण गुन्हा ठरवतं, आणि ती व्यक्ती सार्वजनिक जागी होती ही सबब चालत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. लोकलमध्ये झोपलेल्या बाईवर कॅमेरा रोखणाऱ्याला कायद्याआधी शेजारच्या प्रवाशांनी थांबवायला हवं.

‘मेट्रो म्हणजे रेल्वेच की.’ मेट्रोला 2002 चा वेगळा कायदा आहे आणि फोटोचे नियमही शहरागणिक निराळे. दिल्ली मेट्रोनं 2023 मध्ये डब्यात रील करू नका असं जाहीरपणे बजावलं. दारात लटकून केलेलं रील तर कुठंच फोटोग्राफीच्या प्रश्नात मोडत नाही. रेल्वे कर्मचाऱ्यानं बजावल्यावरही लोकलच्या पायरीवरून प्रवास चालू ठेवणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 156 खालचा गुन्हा आहे, हातात मोबाइल असो वा नसो.

आणि विमानात? खिडकीतून ढग खुशाल टिपा, हवाई वाहतूक महासंचालनालयानं 2004 मध्येच तशी मुभा दिली आहे. मात्र पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथं विमान जमिनीवर असताना, उड्डाण करताना आणि उतरतानाही मोबाइल खालीच ठेवा.