नव्या नळीचे नखरे

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात स्वप्नील कुसाळेने मिळवलेल्या कांस्यपदकाबद्दल आता नवं सांगण्यासारखं फार उरलेलं नाही. कांबळवाडी, शिक्षक वडील, सरपंच आई, रेल्वेतली टीसीची नोकरी, धोनीवरची भक्ती, गोळ्यांसाठी काढलेलं कर्ज, सगळं पदकाच्या दिवसापासून छापून आलंय. १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांची आठवणही सगळ्यांनी काढली. त्यांच्या सातारा जिल्ह्याला ती कुणी करून द्यायची गरज नव्हती. सरकारने एक कोटी जाहीर केले, रेल्वेने बढती दिली. या धामधुमीत एका वस्तूबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. रायफलची नळी. नेमबाज तिला बॅरलच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

बॅरल जन्मभर पुरत नाही. ती झिजते, बदलावी लागते, आणि बदलल्यावर नवी बॅरल ‘बसवण्याचे’ जे विधी सांगितले जातात, त्यांतले निम्मे माझ्या मते थोतांड आहेत. उरलेले निम्मे मात्र इतके खर्चिक आहेत की साताऱ्याच्या माणदेशातल्या पोराची कोंडी नेमकी तिथे होते. निघालोय ते या कोंडीपर्यंत जायला. पण आधी थोडं लोखंड.

पात्रता फेरीत कुसाळेचे गुण ५९० होते आणि तो सातवा आला. त्याच फेरीतला दुसरा भारतीय ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर, त्याचे ५८९, तो अकरावा. एक जण अंतिम फेरीत, दुसरा घरी. फरक साठ गोळ्यांमध्ये एका गुणाचा. ५० मीटरवरच्या त्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. तिथवर जाणारी गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची, जेमतेम अडीच ग्रॅम वजनाचं शिसं. वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर, आवाजाच्या वेगापेक्षा मुद्दाम किंचित कमी ठेवलेला, कारण आवाजाची वेस ओलांडताना आणि पुन्हा खाली येताना गोळी डगमगते. नेमबाजाने सगळं बिनचूक केलं आणि बॅरलनेच गोळी तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे सोडली, तर त्या पोराने काय करायचं? श्वास आणखी रोखायचा?

ज्यांनी शाळा-कॉलेजात एनसीसी केलीय त्यांना ही रायफल अगदीच परकी नाही. पॉइंट टूटूची, म्हणजे याच जाडीच्या गोळीची डिलक्स रायफल पोटावर पडून चालवलेली असते, बोल्ट मागे ओढून रिकामं काडतूस बाहेर फेकलेलं असतं. पुलथ्रूच्या दोरीला चिंधी बांधून नळी पुसलेली असते. सफाईची चिंधी चार बाय दोन इंच आणि तेलाची चार बाय दीड, हे तर उस्तादाने तोंडपाठ करून घेतलेलं असतं. ऑलिम्पिकची रायफल तत्त्वाने तीच: बोल्ट उचला, मागे घ्या, एक गोळी ठेवा, बोल्ट बंद करा. फक्त किंमत लाखांत आणि सहनशीलता शून्य.

ही बॅरल झिजते कशी? मोठ्या रायफलींत दारूची प्रचंड उष्णता पोलाद खाते. जोरकस शिकारी काडतुसांच्या बॅरली हजार-दीड हजार फैरींतही उतरणीला लागतात. पॉइंट टूटूचं शिसं मऊ, दाब कमी, त्यामुळे तिचं आयुष्य हजारोंनी मोजतात. तरीही दिवसाला शंभर गोळ्या आणि वर्षाला दोनशे दिवस सराव धरला तर वर्षाला वीस हजार होतात. त्यात या काडतुसाच्या कडेत भरलेल्या पेटत्या मसाल्यात काचेची बारीक पूड असते, पिन आदळली की घासून पेटावं म्हणून. ती पूड प्रत्येक गोळीमागे धावते. गोळी जिथून आतल्या पिळदार चरांत शिरते तो बॅरलच्या मुळाशी असलेला टापू सगळ्यात आधी खरवडला जातो, आणि काडतुसाचं तोंड संपतं तिथे काजळीचं कडक कडं धरतं. बॅरल एके दिवशी जात नाही. बरेच दिवस दहाच्या दहा लागतात, मग मध्येच कारण नसताना एक नऊ. नेमबाज आधी स्वतःवर संशय घेतो, मग प्रशिक्षकावर, मग वाऱ्यावर. लोखंडाचा नंबर शेवटी लागतो.

आता बदलणं. साध्या बोल्ट रायफलीत बॅरल आट्यांनी ॲक्शनमध्ये, म्हणजे बोल्ट सरकतो त्या भागात, कसलेली असते. ती शिकंज्यात धरून, ॲक्शनला पाना लावून जोर काढावा लागतो. स्पर्धेच्या पॉइंट टूटूत बहुधा आटे नसतात. जर्मनीतल्या उल्म गावच्या अँशुट्झ कंपनीच्या गाजलेल्या ५४ ॲक्शनमध्ये बॅरलचा गुळगुळीत मागचा भाग आत सरकवून आडव्या पिना मारलेल्या असतात. त्याच उल्मच्या वॉल्थरच्या नव्या रायफलीत ती स्क्रूंनी आवळून धरतात. ऐकायला सोपं. खरी मेख मधल्या फटीत आहे. या काडतुसाला मागे कडा असते, सुमारे एक मिलिमीटर जाडीची, आणि ती बोल्टचं तोंड आणि बॅरलचं बूड यांच्यामध्ये बसते. फट जास्त झाली तर पिनेचा मार हलका पडतो, गोळी कधी जोरात जाते, कधी मंद. मंद गेलेली गोळी लक्ष्यावर खाली उतरते. फट कमी झाली तर बोल्ट बंद होताना कडा चेपते, आणि तेव्हाच बार उडण्याचा धोका असतो. म्हणून ठरावीक जाडीचे दोन गेज घालून बघतात: एकावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. मग बॅरलचं तोंड. गोळी ज्या काठावरून शेवटची सुटते तिथे केसाएवढा ओरखडा असला तरी मागून येणारा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलून देतो. नवी बॅरल हातात आली की जाणकार आधी तोंड बघतात, नंतर बाकीचं.

इथे एक गोष्ट बजावून ठेवतो. हे काम घरी, किंवा लेथवाल्या मित्राकडे करायचं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करायलाही मनाई करतं, आणि सहावं कलम बॅरल आखूड करायला. परवानाधारक बंदूकसाज किंवा कंपनीचा तंत्रज्ञ, तिसरा रस्ता नाही.

बॅरल बसली. आता तिला ‘वळण लावायचं’. इथून पुढे माझा आवाज जरा चढेल, त्याला इलाज नाही.

विधी असा सांगतात: पहिल्या गोळीनंतर बॅरल साफ करा. दुसरीनंतर पुन्हा. असं पाच-दहा वेळा, मग दर तीन गोळ्यांनी, मग दर पाच. पटतं ते लगेच, कारण आपण नवी मोटारसायकलसुद्धा पहिले काही शे किलोमीटर चाळीसच्या पुढे नेत नाही. पण इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर लाखो वेळा एकमेकांवर घासून एकमेकांना जुळतात. बॅरलमधून जाणारी प्रत्येक गोळी नवीन असते. ती पुन्हा परत येत नाही, तिला कुणाशी जुळवून घ्यायचं नसतं.

या विधीवर सगळ्यात खमकं बोललेला माणूस म्हणजे अमेरिकेतला गेल मॅकमिलन. स्वतः बॅरली बनवलेल्या, रायफलीच्या धंद्यात हयात गेलेली. त्याचं म्हणणं असं की हे खूळ आपणच धंद्यात उभ्या केलेल्या एका बॅरलवाल्याने काढलं, आणि त्यामागचा हिशोब त्याने आपल्यापाशी कबूलही केला: बॅरलला वळण लावताना उडवलेली प्रत्येक गोळी तिच्या आयुष्यातून वजा होते, म्हणजे गिऱ्हाईक पुढच्या बॅरलसाठी तेवढं लवकर दारात येतं. मॅकमिलन खरं बोलला की धंद्यातली खुन्नस काढली, हे तपासायला आता सोय नाही. पण टेक्सासच्या शायलन या नावाजलेल्या बॅरल कंपनीने तर सरळ लिहूनच टाकलंय की आम्ही ही पद्धत मुख्यतः गिऱ्हाइकांना ती हवी होती म्हणून दिली, आमच्या मते ही फार मोठी गोष्ट नाही. विकणाराच असं म्हणत असेल तर आपण कशाला नारळ फोडायचा?

दुसरी बाजू आहे, आणि ती फुसकी नाही. विस्कॉन्सिनचे बॅरलवाले क्रीगर म्हणतात, बॅरलची आतली बाजू आम्ही हाताने घासून गुळगुळीत करतो, पण काडतूस बसायची जागा त्यानंतर कापली जाते. कापणारं हत्यार चरांना आडवं जातं आणि सुरुवातीच्या टापूत बारीक कूस राहते. तांब्याचं कवच असलेली गोळी त्या कुसेवर खरवडते, तांब्याची वाफ पुढे जाऊन बॅरलमध्ये चिकटते. पहिल्या काही गोळ्यांनी ती कूस निघेपर्यंत तांबं काढत राहा, एवढंच त्यांचं म्हणणं. मोठ्या रायफलीसाठी मला हे मान्य आहे. पण पॉइंट टूटूच्या गोळीला तांब्याचं कवचच नसतं! उघडं शिसं, वरून मेणाचा हात. काडतूस चिमटीत धरलं की बोटं चिकट होतात ते त्यामुळे. इथे साफसफाईचं उलट होतं. बॅरल लख्ख पुसली की पहिल्या दहा-वीस गोळ्या भरकटतात आणि मेणाचा पातळ थर आत पुन्हा बसला की जागेवर येतात. दर गोळीला पुसणारा माणूस तो थर बसूच देत नाही. वर घाईघाईने दांडा घालून तोंडाचा काठ दुखावला की संपलं. दांडा मागूनच घालायचा, गाइड लावून, आणि चिंधी तोंडातून बाहेर पडल्यावर परत आत ओढायची नाही. लष्करी शिस्तीत वाढलेल्या माणसाला हे पटवणं अवघड असतं. आमच्या माण-खटावात तसे वाडीवस्तीगणिक आहेत.

मग नव्या बॅरलचं खरं काम कोणतं? गोळ्यांशी सोयरीक जमवणं. एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या, एकाच रंगाच्या डब्यातल्या गोळ्यांचे लॉट वेगवेगळे असतात, आणि एका बॅरलला जो लॉट मानवतो तो शेजारच्या जुळ्या बॅरलला मानवत नाही. का, याचं पुरतं उत्तर बनवणाऱ्यांपाशीही नाही. म्हणून करूनच बघावं लागतं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला ईली आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआ या गोळ्यांच्या कंपन्यांनी त्यासाठी चाचणीचे बोगदे ठेवलेत. रायफलचा दस्ता काढतात, बॅरल आणि ॲक्शन शिकंज्यात आवळतात आणि एकामागून एक लॉट दहा-दहा गोळ्यांनी उडवून बघतात. माणूस नाही, वारा नाही, धडधड नाही. पडद्यावर छिद्रांचा झुबका उमटतो. एका लॉटचा झुबका दहा-बारा मिलिमीटरमध्ये मावतो, दुसऱ्याचा वीसच्या पुढे पसरतो. नेमबाज बाजूला उभा राहून नुसता बघतो आणि आवडलेल्या लॉटचे परवडतील तेवढे डबे उचलतो. तो लॉट संपला की पुन्हा पहिल्यापासून.

आता नेमबाज व्हायचं ठरवलेल्या, आमच्या माणदेशातल्या म्हसवडच्या एखाद्या मुलीचा विचार करा. इथल्याच मोहीच्या ललिता बाबरने रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. तिने सुरुवात केली ती आपल्याच फुफाट्याच्या वाटांवर. माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला धावणाऱ्या, कुस्ती खेळणाऱ्या पोरींना मैदान दिलं. धावायला पाय आणि वाट पुरते. नेमबाजीत तसं होत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचं, म्हणजे पालथं पडून केलेल्या नेमबाजीचं, जगज्जेतेपद मिळवलं, कुसाळे घडला तो सरकारी क्रीडा प्रबोधिनीत आणि पुढे ऑलिम्पियन दीपाली देशपांडे यांच्या हाताखाली. म्हणजे गुणवत्ता आणि शिकवणारे दोन्ही आपल्याकडे आहेत. देशातल्या रायफल संघटनेचा पाया ज्यांनी १९५१ मध्ये घातला आणि ज्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे, ते दादासाहेब मावळंकरही मराठीच. पण शिकंजा आणि बोगदा युरोपात. आपली मुलगी बाजारात मिळेल तो लॉट घेते आणि त्या लॉटचे दोष आपल्या हाताच्या खात्यावर लिहीत राहते.

म्हणून एक कोटीच्या बातमीचा आनंद होतो, तसा थोडा चडफडाटही होतो. बक्षीस पदक आल्यावर मिळतं. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ५० मीटरचा बंदिस्त बोगदा, एक शिकंजा, झुबका मोजणारं इलेक्ट्रॉनिक लक्ष्य आणि बॅरल बदलता येणारा एक पगारी तंत्रज्ञ, एवढं केलं तर विमान न परवडणाऱ्या प्रत्येक नेमबाजाला एसटीने जाऊन आपली रायफल तपासता येईल. गोळ्यांचे चार-सहा लॉट सरकारने एकगठ्ठा आणावेत, ज्या बॅरलला जो जुळेल तो तिला द्यावा. यात अवकाशयान उडवण्यासारखं काही नाही. राहुरीला आणि बारामतीला शेतकरी मातीचा नमुना घेऊन जातो आणि कागद घेऊन परत येतो, तेवढीच ही अपेक्षा.

तोवर एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे बहुतेक मुलांची पहिली रायफल सीनियरकडून घेतलेली, वापरलेली असते. घेताना दस्त्याचा रंग आणि दुर्बिणीसारखी दिसणारी साईट बघून हरखू नका. बॅरलमधून किती गोळ्या गेल्या, कोणता लॉट चालला, शेवटची साफसफाई कधी झाली, याची वही मागा. चांगला नेमबाज ती ठेवतो. वही नसेल तर बॅरल गेलेली आहे असं धरून भाव पाडा, आणि वाचलेले पैसे नव्या बॅरलसाठी बाजूला टाका.