मायक्रोवेव्हवर ‘एसई’ झळकते तेव्हा…

पावसाळ्याचे दिवस. दूध तापवण्यासाठी मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये ठेवावे, तर पडद्यावर वेळेऐवजी ‘एसई’ ही दोन इंग्रजी अक्षरे झळकतात आणि कोणतेही बटण दाबले तरी यंत्र दाद देत नाही. सॅमसंगच्या अनेक ओव्हनांवर दिसणारा हा संकेत आहे. अशा साध्या पडद्यावर अक्षरेसुद्धा आकड्यांच्या सात रेघांतूनच उमटवावी लागत असल्याने इंग्रजी ‘एस’ आणि इंग्रजी पाच यांत काही फरक उरत नाही. म्हणून काही जण तो ‘पाच ई’ असा वाचतात. दोन्हींचा अर्थ एकच.

हा अर्थ बराच साधा आहे. दर्शनी भागावरील बटणांच्या पट्टीत प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे असून त्यांवर वीजवाहक रेषा छापलेल्या असतात. बोटाने दाबताच पापुद्रे एकमेकांना टेकतात, बोट उचलताच विलग होतात. दमट हवा, फोडणीची तेलकट वाफ किंवा वर्षानुवर्षांची झीज यांमुळे ते टेकलेलेच राहिले, तर कोणीतरी बटण दाबून धरले आहे, असा यंत्राचा समज होतो आणि ते काम थांबवते. पट्टीचा मार्ग जुळलेला दिसतो, एवढेच ते सांगत असते. त्यामागचे कारण ओलावा आहे की कायमचा बिघाड, हे त्यालाही ठाऊक नसते.

हे कारण शोधण्याचा पहिला प्रयत्न घरी निर्धास्तपणे करता येतो. भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढावा आणि दहा मिनिटे थांबावे. बटणांची पट्टी किंचित ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी. साफसफाईचे द्रव्य थेट पट्टीवर फवारू नये, कारण ते कडांमधून आत झिरपते व दुखणे वाढवते. ओव्हन शेगडीच्या किंवा कुकरच्या वाफेत असेल तर जागा बदलावी आणि शक्य असल्यास रात्रभर तसाच कोरडा होऊ द्यावा. मग ओव्हनमध्ये पेलाभर पाणी ठेवून एक मिनिट चालवून पाहावे. रिकामा ओव्हन मात्र कधीही चालवू नये. संकेत पुन्हा उमटला, तर घरच्या उपायांची मर्यादा इथेच संपली असे समजावे.

सगळेच संकेत इतके सौम्य नसतात. पॅनासॉनिकच्या ओव्हनवरील ‘एच ९७’ किंवा ‘एच ९८’ हा लहरी निर्माण करणाऱ्या यंत्रणेतील दोष असतो. तेथे पुसण्या-सुकवण्याचा उपयोग नाही. प्रत्येक कंपनीची संकेतभाषा वेगळी असते, म्हणून माहितीपुस्तिका जपून ठेवावी.

हल्ली इंटरनेटवरील चित्रफिती पाहून ओव्हनचे आवरण उघडण्याचा मोह अनेकांना होतो. खरी भीती येथे आहे. घरात येणारी २३० व्होल्टची वीज आतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सुमारे २,००० व्होल्टपर्यंत चढते आणि कपॅसिटर व डायोड मिळून तो दाब आणखी वाढवतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठून राहू शकतो. तो उतरवण्यासाठी बहुधा आत एक रोध बसवलेला असतो, पण तो निकामी झाला आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. घरात ईएलसीबी आहे, तेव्हा काळजी नाही, हा समजही येथे फसवा ठरतो. ट्रान्सफॉर्मरची उच्चदाबाची बाजू घरच्या वीजजोडणीपासून वेगळी असते, त्यामुळे तेथे बसलेल्या धक्क्याचा त्या उपकरणाला पत्ताच लागत नाही. इतर घरगुती उपकरणांवर हात बसलेल्या माणसानेही स्क्रू-ड्रायव्हर येथे खाली ठेवावा, हे उत्तम.

दाराचेही तसेच. दार उघडताच लहरी थांबाव्यात म्हणून साधारणतः तीन स्विच एकमेकांवर नजर ठेवून असतात. ओव्हन दार उघडे असताना चालू राहिला किंवा कोणी हात न लावता आपोआप सुरू झाला, तर प्लग काढून दुरुस्ती होईपर्यंत तो वापरू नये. आत धूर दिसल्यास दार बंदच ठेवून वीज तोडावी.

तंत्रज्ञाला बोलावताना मॉडेल क्रमांक, संकेताची नेमकी अक्षरे आणि तो प्लग लावताच दिसतो की काही वेळाने, एवढे सांगितले तरी त्याचे काम सोपे होते. केवळ बटणांची पट्टी बदलून भागेल का, हेही विचारावे. अनेक मॉडेलमध्ये ती स्वतंत्र मिळते. अख्खे नियंत्रक मंडल बदलण्याची गरज नसते. दाराचे किंवा आतील काम झाले असल्यास लहरींची गळती यंत्राने मोजून दाखवण्यास सांगावे. दारापासून ५ सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट ही अमेरिकेत १९७१ पासून लागू असलेली कमाल मर्यादा आहे. चांगल्या स्थितीतील ओव्हनचा आकडा तिच्या खूपच खाली असतो.