विजेचे तास आणि पाण्याचा हिशेब

पुणे-सोलापूर महामार्गालगत, इंदापूर तालुक्यात पळसदेव आहे. उजनी धरण झाले, जुने गाव पाण्याखाली गेले आणि वस्ती वर सरकली. पळसनाथाचे जुने देऊळ मात्र तिथेच राहिले. पाणी फार ओसरले की ते उघडे पडते आणि लांबून लोक पाहायला येतात. आम्हा काठावरच्यांना ते देऊळ वेगळे काही सांगते. शिखर दिसू लागले की मोटार आणखी खाली न्यायची, पाइप जोडायचे, केबल वाढवायची.

१९८० साली पूर्ण झालेल्या उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातले जवळपास ६३ टीएमसी मृतसाठ्यात मोडते. म्हणून इथे साठा ‘उणे’ टक्क्यांत सांगतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला आणि ऑगस्टमध्ये धरण पुन्हा भरले. याच पाण्यावर सोलापूर शहर तहान भागवते, काठावरचा ऊस वाढतो आणि सोलापूरजवळचे एनटीपीसीचे १,३२० मेगावॅटचे कोळशावरचे वीजकेंद्रही चालते. पाणी आणि वीज यांचा हिशेब इथे एकाच वहीत आहे. सरकारदरबारी मात्र त्याच्या तीन वह्या आहेत. त्या एकमेकींशी जुळतात का, हे तपासण्यासाठी हा लेख.

पहिली वही दिल्लीची. राज्यघटनेत वीज समवर्ती सूचीत येते, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही तिच्याबाबत कायदे करता येतात. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले. त्याआधीच, २०१९ मध्ये, शेतीच्या विजेसाठी ‘पीएम-कुसुम’ योजना आली होती. तिचे तीन घटक आहेत : शेतजमिनीवर लहान सौर प्रकल्प, ग्रिडशी न जोडलेले सौरपंप, आणि ग्रिडशी जोडलेल्या पंपांचे किंवा वाहिन्यांचे सौरीकरण. हा तिसरा घटक लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

दुसरी वही मुंबईची. राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आणला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची, अशी ही कल्पना. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे ठरले. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली. त्याच वर्षी ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आली. तिच्यात शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के.

दिवसा वीज ही सवलत नव्हे, तो न्याय आहे. आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज, हे चक्र ज्याने सोसले त्याला हे पटवून द्यावे लागत नाही. अंधारात बांधावरून दारे धरायला जाणे, पायाखाली काय येईल याचा भरवसा नसणे, सकाळी पुन्हा कामाला लागणे, यात दोन पिढ्या गेल्या. म्हणून सौरऊर्जेचे स्वागत मी मनापासून करतो.

पण एक गोष्ट या दोन्ही वह्यांत नीट लिहिलेली नाही. आपल्याकडे विजेचे तास हेच आजवर पाण्याचे धोरण होते. धरणातून, विहिरीतून, बोअरमधून कोण किती पाणी उपसतो, हे मोजणारी यंत्रणा गावोगावी नाही. टंचाईच्या वर्षी प्यायचे पाणी राखायचे तर प्रशासनाच्या हाताशी एकच सोपा उपाय असतो : काठावरच्या पंपांची वीज कमी करणे. हा उपाय ढोबळ आहे. त्यात दोन एकरवाला आणि वीस एकरवाला एकाच मापाने मोजले जातात. तरी तो लागू पडतो.

ग्रिडबाहेरच्या सौरपंपाला हे बटण नाही. ऊन आहे तोवर तो चालतो आणि युनिटमागे खर्च शून्य. लांबवरून पाणी उचलणाऱ्या मोठ्या मोटारींना तो पुरणार नाही, हे खरे. पण विहिरी आणि बोअरना पुरतो. पाणी खोल गेल्यावर विजेचे बिल वाढायचे, तोही लगाम सुटतो. कर्ब वाचतो, माणूस रात्रीचा जागत नाही, आणि विहिरीचा तळ मात्र लवकर दिसतो. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पाणी फुकट आणि उसाला खात्रीचे गिऱ्हाईक असेल तर कोणीही हेच करील.

यावर वाट आहे. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावात २०१६ मध्ये सौरपंपधारक शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. पंप ग्रिडशी जोडले. गरजेपुरते पाणी उपसायचे आणि उरलेली वीज वीज कंपनीला विकायची, अशी रीत बसवली. न उपसलेल्या पाण्याला त्यामुळे प्रथमच किंमत आली. कुसुमच्या त्या तिसऱ्या घटकात हीच सोय आहे. विजेचा खरेदीदर मात्र असा हवा, की उसाला आणखी एक पाळी देण्यापेक्षा वीज विकणे परवडावे.

तिसरी वही गावाची. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत. त्यांत वीज वितरणासह ग्रामीण विद्युतीकरण आणि अपारंपरिक ऊर्जा हे दोन्ही आहेत. प्रत्यक्षात ग्रामपंचायतीकडे येतात ती पथदिव्यांची आणि नळयोजनेची बिले, किंवा गायरान सौर प्रकल्पाला देण्याचा ठराव. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडीने सारे गाव सौरऊर्जेवर आणून दाखवले, म्हणजे गावाला हे जमत नाही असे नाही. पाण्यासाठीही २००५ चा कायदा आहे. त्याने पाणीवापर संस्थांना पाणी मोजून घेण्याचा आणि वाटण्याचा हक्क दिला. हा हक्क आणि सौर प्रकल्पाचा ठराव एकाच ग्रामसभेत, एकाच दिवशी चर्चेला यावेत, एवढे तरी करता येईल. किती पंप, किती विहिरी, उन्हाळ्यात किती तास उपसा, हे ठरल्यावरच पंपांची यादी वर जावी.

दिल्ली मेगावॅट मोजते, मुंबई पंप मोजते. पाणी कोणीतरी मोजायला हवे आणि ते विहिरीच्या जवळच्या माणसालाच जमेल. नाही तर दिवसा वीज मिळूनही मार्च-एप्रिलमध्ये मोटार कोरडी फिरेल, आणि तेव्हा ती बंद करायला सरकारचीही गरज उरणार नाही.