पेशी नको, तिचा रस द्या!

केस गळतायत? ग्लो गेलाय? मग क्लिनिकवाले हळूच एक शब्द पुढे करतात, ‘एक्सोसोम’. म्हणजे काय, तर स्टेम सेल ज्या द्रवात वाढवतात, त्यात त्या प्रथिनं सोडतात आणि अतिसूक्ष्म पिशव्याही. त्या पिशव्या म्हणजे शेजारच्या पेशींना धाडलेली निरोपाची पाकिटंच!

आयडिया फालतू नाही हं. पूर्वी वाटायचं, टोचलेली पेशी स्वतःच नवा स्नायू बनते. पण २००५ मध्ये उंदरांच्या हृदयावरच्या प्रयोगात पेशी वगळून नुसता द्रव दिला, तरी इजा कमी झाली. ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ करणारे आर्नल्ड कॅप्लान तर २०१७ मध्ये म्हणाले, नावच बदला. या पेशी औषधी निरोप्या आहेत.

पण उंदीर वेगळा, आपण वेगळे. नेब्रास्कात एक्सोसोम घेतलेल्या पेशंट्सना गंभीर त्रास झाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने बजावलं, असल्या एकाही उत्पादनाला आमची मंजुरी नाही.

तेव्हा पॅकेजचा रेट नंतर. आधी विचारा, पेशी कुणाच्या? बाटली कुठल्या लॅबची? मंजुरी आहे का, आणि ती नुसतं लावायला की टोचायलाही? उत्तरादाखल फक्त ‘आधी-नंतर’चे फोटो आले, तर समोरची कॉफी संपवा आणि सरळ निघा.