खिशातलं लोखंड

रॉटरडॅमच्या बंदरावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. जहाजांच्या होकायंत्रांचा माग काढता काढता मी हॉफप्लाइनच्या जुन्या कमानींखाली पोचले. या कमानींवरून १९०८ साली विजेची रेल्वे श्केव्हेनिंगेनपर्यंत धावू लागली. मला मुंबईची ट्राम आठवली. ती १९०७ साली विजेवर आली, पण नुसत्या तिच्या चाहुलीनं कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेला खाडीपार जावं लागलं होतं.

कुलाब्यात १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९च्या प्रचंड सौरवादळात तिथल्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून टिपलेली चुंबकीय क्षेत्रातली सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण आजही अभ्यासक आधाराला घेतात. ट्रामचा प्रवाह जमिनीत झिरपला, तर असल्या नोंदींना अर्थ उरला नसता. संचालक नानाभाई मूस यांनी अलिबाग निवडलं. लोखंड टाळून इमारत बांधली आणि १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं. दोन जागांमधला फरक कळला, म्हणूनच जुनी मालिका नव्या जागी अखंड चालू राहिली. मला मूसांचं मोठेपण त्या दोन वर्षांच्या दुहेरी कष्टात दिसतं.

अलिबागच्या वेधशाळेत गेले होते तेव्हा मी रेंगाळले ती थिओडोलाइटपाशी, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीपाशी. निरीक्षक किल्ल्या, घड्याळ, पट्टा, मोबाइल सगळं बाहेर ठेवून तिच्या खांबाशी येतो. दुर्बिणीवर चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या फ्लक्सगेटची छोटी नळी बसवलेली असते. दुर्बीण हळूहळू फिरवत तो आकडा शून्यावर आणतो. शून्य आलं की नळी क्षेत्राशी काटकोनात आहे, एवढं नक्की. मग दुर्बीण उलटी करून पुन्हा शून्य, फिरवून पुन्हा शून्य, परत उलटी करून पुन्हा शून्य. चार स्थितींची सरासरी काढली की नळी किंचित तिरकी बसली असेल, तर ती चूक आपोआप गळून पडते. हे पाहताना माझा श्वास रोखला गेला होता.

शेजारच्या खोलीतलं स्वयंचलित यंत्र दर सेकंदाला नोंद करतं, मग माणूस कशाला? कारण तापमान बदललं, खांब केसभर कलला, की यंत्राची पायारेषा सरकते. ती किती सरकली, हे खांबाशी उभा राहिलेला माणूसच सांगू शकतो. त्या माणसाला लागते शांत जागा, आणि तीच दुर्मिळ होत चालली आहे. जवळून गेलेली मोटारही आकडा हलवते, एकदिश प्रवाहावरची रेल्वे तर कित्येक किलोमीटरांवरून. नेदरलँड्सची वेधशाळा डे बिल्टहून १९३८ साली विटेव्हेनला गेली आणि १९८८मध्ये तीही बंद पडली. आज रॉटरडॅमच्या होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, याचा हिशेब शेजारी देशांतल्या वेधशाळा आणि उपग्रह यांच्यावर चालतो. अलिबागच्या वेधशाळेला कधी हलावं लागलं, तर पुन्हा दोन वर्षं दोन्ही जागी खिसे रिकामे करून उभी राहणारी माणसं लागतील.